सेकंद जातात कुठे? ब्लिट्झ खेळणाऱ्यांनी आपली शैली कशी ओळखावी

आर्वी, पुलगाव, हिंगणघाट, समुद्रपूर, कुठल्याही गावात मोबाइलवर बुद्धिबळ खेळणाऱ्या पोरांना विचारून पाहा, तुझा खेळ कसा आहे? बहुतेक जण म्हणतील, "अटॅकिंग." कुणी म्हणेल, "मी लंडन सिस्टिम खेळतो." कुणी थेट रेटिंगच सांगेल. मग त्याच मुलाचे शेवटचे वीस-तीस डाव उघडून बसलं की वेगळंच चित्र दिसतं. स्वतःला अटॅकिंग म्हणवणारा पंधराव्या चालीपर्यंत निम्म्याहून जास्त वेळ खर्च करून बसलेला असतो, आणि खरोखर हल्ला करायची वेळ येते तेव्हा त्याच्याकडे वीस सेकंद उरलेले असतात. लंडन खेळणाऱ्याच्या पहिल्या आठ चाली तोंडपाठ असतात, नवव्या चालीला तो अडतो.

तीन मिनिटांच्या डावात आवडती ओपनिंग फार थोडं सांगते. तुम्ही कुठल्या प्रश्नापाशी थांबता आणि कुठला प्रश्न न बघताच पुढे जाता, यावरून तुमची शैली कळते. सुदैवाने ही गोष्ट अंदाजाने सांगावी लागत नाही. ऑनलाइन खेळलेल्या प्रत्येक डावातल्या प्रत्येक चालीला किती सेकंद लागले, याची नोंद आपोआप होते. ती नोंद कशी वाचायची आणि वाचून काय बदलायचं, ते या लेखात सांगतो. साधारण हजार-बाराशेपासून अठराशे रेटिंगपर्यंतच्या, रोज चार-दोन डाव खेळणाऱ्या आणि गेले कित्येक महिने त्याच आकड्याभोवती घुटमळणाऱ्या खेळाडूंना याचा सगळ्यात जास्त उपयोग होईल.

वर्धा जिल्ह्यातल्या खेळाडूला ही नोंद विशेष मोलाची आहे. शेजारच्या नागपुरातून रौनक साधवानी 2019 मध्ये वयाच्या तेराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, 2021 मध्ये संकल्प गुप्ता झाला, 2025 मध्ये दिव्या देशमुख झाली. रौनकने 2023 मध्ये इटलीतल्या सार्डिनिया इथे वीस वर्षांखालील जागतिक रॅपिड स्पर्धाही जिंकली. एवढे सगळे खेळाडू रेल्वेने दीड तासाच्या अंतरावर घडले. पण आष्टी किंवा कारंजा घाडगेच्या मुलाला आठवड्यातून तीनदा नागपूरला जाऊन प्रशिक्षकासमोर बसणं जमणार नाही. त्याच्या हातात मोबाइल आहे, त्यात त्याचे शेकडो डाव आहेत, आणि त्यातून निम्मं प्रशिक्षण तो स्वतःचं स्वतः करू शकतो. लीचेस ही साइट एका फ्रेंच प्रोग्रॅमरने 2010 मध्ये सुरू केली. ती आजही पूर्ण फुकट आहे, तिच्यावर जाहिराती नाहीत, आणि डाव संपल्यावर विश्लेषणाच्या पानावर प्रत्येक चालीला लागलेल्या वेळाचा आलेख दिसतो. चेस डॉट कॉमवर चालींच्या यादीशेजारी सेकंद लिहिलेले असतात. दोन्हीकडे काम भागतं. दोन्हीकडच्या रेटिंगची तुलना मात्र करत बसू नका. लीचेस नव्या खेळाडूला 1500 पासून सुरू करते, त्यामुळे आपल्या पातळीवर तिथला आकडा फुगलेला वाटतो.

आधी घड्याळ नीट निवडा. आपल्याकडची बहुतेक पोरं तीन मिनिटांचा, वाढीव सेकंद नसलेला डाव खेळतात. माझं स्पष्ट मत आहे की शिकायचं असेल तर तीन अधिक दोन खेळा, म्हणजे तीन मिनिटं आणि प्रत्येक चालीला दोन सेकंदांची भर. हिशेब सोपा आहे. चाळीस चालींच्या डावात वाढीव सेकंद नसतील तर एका चालीला साडेचार सेकंद येतात, तीन अधिक दोनमध्ये साडेसहा. डाव साठ चालींपर्यंत लांबला तर पहिल्या प्रकारात तीन सेकंद येतात, दुसऱ्यात पाच. फरक एवढाच नाही. वाढीव सेकंद नसले की शेवटच्या पंधरा चालींत बुद्धिबळ उरत नाही, बोटांची शर्यत होते, आणि त्या शर्यतीतून शैलीबद्दल काहीच शिकायला मिळत नाही. दोन सेकंदांची भर असली की जिंकलेला डाव जिंकता येतो, फक्त तो जिंकायचा कसा हे माहीत हवं. वाढीव सेकंदांच्या घड्याळाचं पेटंट बॉबी फिशर यांनी 1988 मध्ये मागितलं होतं आणि 1992 मध्ये स्पास्कीविरुद्धच्या लढतीत ते घड्याळ वापरलंही. चांगल्या स्थितीतला खेळाडू नुसत्या घड्याळामुळे हरू नये, हाच त्यामागचा विचार. जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही तीन अधिक दोनवरच खेळली जाते, तेव्हा सवय त्याच घड्याळाची लावलेली बरी.

आता वही घ्या. मोबाइलमध्ये नोंदी ठेवू नका, कागदावरच लिहा, कारण डाव पाहताना मोबाइल हातात लागणारच आहे. आपण हरलेले अलीकडचे पंचवीस-तीस डाव निवडा. जिंकलेले सध्या बाजूला राहू द्या. प्रत्येक डावासाठी एक ओळ, आणि त्या ओळीत चार गोष्टी: सर्वात जास्त वेळ कुठल्या चालीला लागला आणि किती, जिथून डाव खरोखर बिघडला ती चाल कितवी आणि तिला किती सेकंद दिले, विसाव्या चालीला आपल्याकडे किती वेळ होता आणि समोरच्याकडे किती, आणि डाव संपला कसा, म्हणजे मात झाली, घड्याळ पडलं की आपणच सोडला. संगणकाचं विश्लेषण फक्त दुसऱ्या गोष्टीसाठी, चूक कुठे झाली एवढं शोधण्यापुरतं वापरा. बाकी त्याच्याकडे बघू नका. संगणक सांगेल ती चाल पाच सेकंदांत तुम्हाला किंवा मला सुचणारच नव्हती, ती पाठ करून हाती काही लागत नाही.

पंचवीस ओळी भरल्या की पहिल्या आणि दुसऱ्या रकान्यातले आकडे शेजारी ठेवून पाहा. जास्तीत जास्त वेळ घेतलेली चाल आणि चुकलेली चाल क्वचितच एक असते. बहुतेक वेळा चूक आधी झालेली असते, तीही दोन-तीन सेकंदांत, आणि मोठा विचार त्यानंतर, गोष्ट हाताबाहेर गेल्यावर होतो.

एक नमुना घेऊ. आपल्या पातळीवर हा डाव इतक्यांदा होतो की तुमच्या वहीतही तो सापडण्याची शक्यता आहे. पांढरा ई4 खेळतो, काळा ई5. दोन्हीकडचे घोडे बाहेर पडतात, पांढऱ्याचा एफ3 वर, काळ्याचा सी6 वर. पांढरा उंट सी4 वर आणतो आणि काळा दुसरा घोडा एफ6 वर. आता पांढरा आपला घोडा जी5 वर नेतो. उंट आणि घोडा दोघांचा रोख एफ7 च्या प्याद्यावर. काळा डी5 खेळून उंटाची वाट अडवतो, पांढरा ई4 च्या प्याद्याने ते प्यादं मारतो. इथे काळ्याने काय करायचं? पोरगा एका सेकंदात एफ6 च्या घोड्याने प्यादं परत मारतो. मारलं तर मारायचं, एवढाच विचार. त्यावर पांढरा घोडा थेट एफ7 वर बळी देतो आणि एका वेळी वजीर आणि हत्ती दोघांवर हल्ला होतो. आता काळा चाळीस-पन्नास सेकंद विचार करतो. करून करणार काय? राजाने घोडा मारावा लागतो, पांढरा वजीर एफ3 वर आणून शह देतो, आणि डी5 वरचा घोडा वाचवण्यासाठी काळ्याच्या राजाला ई6 वर, पटाच्या मध्यावर यावं लागतं. पुढचा पाव तास हातात असता तर काळ्याने कदाचित तग धरला असता. दोन मिनिटांत बचाव करणं आपल्या पातळीवर जवळजवळ अशक्य.

विचार करायची जागा एक चाल आधी होती. प्यादं परत मारण्याऐवजी सी6 चा घोडा ए5 वर नेला असता तर उंटावर हल्ला झाला असता, पांढऱ्याला आधी त्याची सोय लावावी लागली असती आणि काळ्याला एका प्याद्याच्या बदल्यात मोकळा खेळ मिळाला असता. ही चाल शोधायला ग्रँडमास्टर लागत नाही. आठ सेकंद थांबावं लागतं, एवढंच. म्हणून नोंदीत पंचवीस डावांपैकी दहा-बारा असे निघाले तर तुमच्या शैलीचं खरं नाव "अटॅकिंग" नाही. तुम्ही मारामारी सुरू झाली की न बघता परत मारणारे खेळाडू आहात. सांगायला कडू आहे, पण यावर उपाय आहे.

उपाय असा. पटावर एकमेकांचे मोहरे मारायची पाळी आली की स्वतःला थांबायला लावा. इतर चाली झटपट खेळा, पण मारण्याची चाल, शहाची चाल आणि समोरच्याने नुकताच दिलेला धोका, या तीन ठिकाणी किमान पाच सेकंद. सुरुवातीला हे कृत्रिम वाटेल, काही डाव घड्याळावर हरालही. दोन आठवड्यांत हात आपोआप थांबू लागतो. याच्या जोडीला रोज दहा-पंधरा मिनिटं कोडी सोडवा, पण वेग मोजणारी नव्हेत. वेळेची अट नसलेली कोडी घ्या आणि उत्तर पूर्ण दिसल्याशिवाय पहिली चाल टाकूच नका. अंदाजाने टाकून लाल-हिरवं बघायची सवय लागली तर तीच सवय डावात उतरते.

दुसऱ्या जातीचे खेळाडू पहिल्यांच्या अगदी उलट असतात. यांच्या वहीत विसाव्या चालीला समोरच्याकडे दोन मिनिटं आणि यांच्याकडे पंचेचाळीस सेकंद असा हिशेब वारंवार दिसतो. स्थिती बरोबरीची, कधी वरचढही, पण घड्याळ गेलेलं. अशा खेळाडूने आपला सर्वात मोठा विचार कशावर खर्च झाला ते नीट पाहावं. बहुतेकदा तो दोन चांगल्या चालींमधून एक निवडण्यावर गेलेला असतो. हत्ती डी1 वर आणू की ई1 वर? दोन्ही चालतात. त्यावर पस्तीस सेकंद घालवणं ही ब्लिट्झमधली सर्वात महागडी चैन आहे. दोन चाली सारख्याच बऱ्या वाटल्या की जी पहिल्यांदा सुचली ती खेळा. या मंडळींनी ओपनिंगही आवरती घ्यावी. पांढऱ्याने एक, काळ्याने ई4 विरुद्ध एक आणि डी4 विरुद्ध एक, एवढी तीनच हत्यारं वर्षभर बदलायची नाहीत. यूट्यूबवर दर आठवड्याला नवा सापळा दिसतो आणि तो वापरायचा मोह होतो, पण दर नव्या ओपनिंगबरोबर पहिल्या दहा चालींचा खर्च पुन्हा नव्याने सुरू होतो.

तिसऱ्या प्रकाराबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण आपल्या भागात ही उणीव सर्वात जास्त दिसते आणि ती सर्वात लवकर भरूनही निघते. हे खेळाडू एक हत्ती किंवा दोन प्यादी वर असतात, समोरचा केव्हाच हरलेला असतो, पण शेवट साधता येत नाही. घड्याळ पडतं किंवा स्टेलमेट होऊन डाव बरोबरीत सुटतो. यांची शैली बिघडलेली नाही, यांना फक्त शेवट शिकवलेला नाही. शाळेतल्या स्पर्धांत डाव तिथवर पोचतच नाही, चार चालींची मात नाहीतर वजीर फुकट, म्हणून कुणी तिकडे लक्षही देत नाही.

एकट्या राजाविरुद्ध राजा आणि हत्ती असतील तर अचूक खेळाने कुठल्याही स्थितीतून जास्तीत जास्त सोळा चालींत मात होते. वजीर असेल तर दहा चालींत. तीन अधिक दोनच्या डावात सोळा चालींत बत्तीस सेकंद नव्याने मिळतात. म्हणजे पाच सेकंद उरले असतानाही हत्तीची मात घालता येते, हात सरावलेला असला तर. लीचेसवर हव्या त्या स्थितीतून संगणकाविरुद्ध डाव सुरू करता येतो. राजा-हत्तीची स्थिती मांडा, अर्धा मिनिट आणि दोन सेकंदांची भर घ्या आणि ओळीने पाच वेळा मात जमेपर्यंत खेळा. मग वजिराची मात, तिथे मुख्य धोका स्टेलमेटचा. समोरच्या राजाला एक तरी घर उरलंय ना, हे प्रत्येक चालीला बघायचं.

त्यानंतर हत्तीच्या शेवटाची एकच गोष्ट शिका. समोरच्याकडे राजा, हत्ती आणि एक प्यादं, तुमच्याकडे राजा आणि हत्ती, आणि तुमचा राजा प्याद्याच्या वाटेत उभा आहे. काळ्याने बचाव करायचा असेल तर हत्ती सहाव्या ओळीवर ठेवायचा आणि तिथेच डावी-उजवीकडे हलवत राहायचं, म्हणजे पांढऱ्या राजाला पुढे येता येत नाही. पांढऱ्याने प्यादं सहाव्या ओळीवर ढकललं की लगेच हत्ती खाली पहिल्या ओळीवर न्यायचा आणि मागून शह देत राहायचं. प्यादं पुढे गेलेलं असल्याने पांढऱ्या राजाला लपायला आडोसा उरत नाही. डाव बरोबरीत. अठराव्या शतकातल्या फिलिदोर या फ्रेंच खेळाडूच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. एका संध्याकाळी ती शिकून होते, आणि एरवी हरलेले कितीतरी डाव तिच्यावर वाचतात.

चौथी जात घड्याळ बघून खेळणाऱ्यांची. स्थिती कशीही असो, समोरच्याचे सेकंद संपवायचे. यात फसवणूक नाही, घड्याळ हा खेळाचाच भाग आहे आणि घड्याळावर मिळालेला विजय पूर्ण विजय आहे. मात्र पुढे जिंकलेले डाव तपासताना तीस विजयांपैकी वीस याच मार्गाने आलेले दिसले तर तुमचं रेटिंग तुमच्या बुद्धिबळापुढे पळतंय. पटावरच्या पहिल्याच स्पर्धेत ते उघडं पडेल.

खेळाडू यांपैकी एकाच जातीचा असतो असं समजू नका. एकाच मुलाच्या वहीत सकाळचे डाव एका प्रकारचे आणि रात्री अकरानंतरचे दुसऱ्या प्रकारचे सापडतात. म्हणून ओळीच्या कडेला वेळही टिपा.

आता दिव्या देशमुखच्या एका लढतीकडे पाहू. ती तीन मिनिटांची ब्लिट्झ नव्हती, पण सेकंद संपत आले असताना शैली कशी टिकवायची हे तिच्यात दिसतं. जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बटुमी शहरात महिलांची विश्वचषक स्पर्धा झाली. चौथ्या फेरीत दिव्याने चीनच्या झू जिनरला टायब्रेकमध्ये हरवलं. उपांत्यपूर्व फेरीत द्रोणवल्ली हरिका होती. तिच्याविरुद्ध लांब वेळेचे दोन डाव संपून गुण सारखे झाले, मग दिव्याने दोन्ही झटपट डाव जिंकले. उपांत्य फेरीत माजी विश्वविजेती टॅन झोंगयी. तिथला निर्णायक डाव 101 चाली चालला. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, म्हणजे त्या वेळची जागतिक रॅपिड विजेती. लांब वेळेचे दोन्ही डाव बरोबरीत, पहिला रॅपिड डावही बरोबरीत. 28 जुलैला दुसऱ्या रॅपिड डावात दिव्याकडे काळे मोहरे होते. वेळ कमी उरला तशा चुका होऊ लागल्या, आणि जिंकली दिव्या. तिथेच ती भारताची 88 वी ग्रँडमास्टर झाली. त्याच्या सुमारे दीड महिना आधी लंडनमधल्या जागतिक सांघिक ब्लिट्झ स्पर्धेत तिने चीनच्या माजी विश्वविजेत्या होऊ यिफानलाही हरवलं होतं.

आपल्याला यातून घेण्यासारखं आहे ते असं. दिव्याचा खेळ तिखट म्हणून ओळखला जातो, पण 101 चालींचा डाव काही नुसत्या तिखटपणावर जिंकता येत नाही. मोहरे कमी झाल्यावरही ती खेळत राहते, समोरच्याला दर चालीला काहीतरी सोडवायला देत राहते. वेळेच्या तंगीत समोरचा चुकतो तो आपल्या एखाद्या चमकदार चालीमुळे क्वचितच. सतत छोटे छोटे प्रश्न सोडवून दमलेला माणूस चुकतो. ब्लिट्झमध्ये ही गोष्ट आणखी खरी आहे. उत्तम चाल सापडत नसेल तर समोरच्याला विचार करायला लावणारी, आपलं नुकसान न करणारी चाल शोधा.

तिच्या वाटचालीतली दुसरी बाब पालकांसाठी. तिने हे सगळं लांब वेळेच्या बुद्धिबळाच्या पायावर उभं केलंय. 2024 मध्ये ती गांधीनगरला वीस वर्षांखालील मुलींची जगज्जेती झाली, त्याच वर्षी बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये तिने संघाचं आणि स्वतःच्या पटाचं अशी दोन सुवर्णं मिळवली. नुसती ब्लिट्झ खेळून इथपर्यंत कुणी पोचत नाही. आठवड्यात ब्लिट्झच्या दर दहा डावांमागे एक तरी डाव पंधरा अधिक दहाचा, शक्य झाल्यास लाकडी पटावर, असा नेम घरात ठेवा.

हरण्याबद्दल एक बोललंच पाहिजे. विश्वनाथन आनंद लहानपणी मद्रासच्या ताल चेस क्लबमध्ये ब्लिट्झ खेळायचे. तिथे जिंकणारा पटासमोर बसून राहायचा आणि हरणाऱ्याने उठून पुन्हा आपला नंबर येईपर्यंत थांबायचं. हरण्याला किंमत होती, आणि थांबण्यात डोकं शांत व्हायला वेळही मिळायचा. त्याच सवयीत वाढलेल्या आनंद यांनी 2017 मध्ये, वयाच्या 48 व्या वर्षी, जागतिक रॅपिड विजेतेपद मिळवलं. मोबाइलवर हरल्याच्या क्षणी "पुन्हा खेळा"चं बटण समोर येतं. रागात दाबलेल्या त्या बटणामागे रात्रीत दीडशे गुण घसरतात. म्हणून हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा: ओळीने दोन डाव हरलो की मोबाइल खाली. उठायचं, पाणी प्यायचं, हरलेल्या डावाची ओळ वहीत भरायची. ती भरल्यावर पुन्हा खेळायची इच्छा उरली तर खेळा.

मोबाइलच्या काही बारीक गोष्टी आहेत, पण त्यांनी गुण जातात. मोहरा ओढून नेण्यापेक्षा आधी मोहऱ्यावर आणि मग घरावर बोट टेकवणं छोट्या स्क्रीनवर जास्त खात्रीचं. आपली चाल येण्याआधीच चाल लावून ठेवायची सोय, प्रीमूव्ह, फक्त जिथे समोरच्याला एकच चाल शक्य आहे किंवा परत मारणं उघड आहे तिथेच वापरा. प्यादं शेवटच्या घरात गेलं की आपोआप वजीर करणारी सेटिंग ब्लिट्झला सोयीची आहे, पण स्टेलमेटच्या भीतीने कधी हत्ती हवा असतो, तेव्हा ती कशी बदलते हे आधी पाहून ठेवा. लाइट गेली की राउटर बंद पडतो आणि घड्याळ मात्र चालूच राहतं, म्हणून मोबाइल डेटा सुरू ठेवूनच बसा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. चार्जिंगला लावलेला मोबाइल दुपारी तापून अडखळतो आणि त्या अडखळण्यात दोन-तीन सेकंद सहज जातात. उन्हाळ्यात सकाळी खेळा. धावत्या गाडीत रेटिंगचे डाव खेळूच नका, तिथे कोडी सोडवा.

ऑनलाइन वाढलेला खेळाडू पटावरच्या स्पर्धेला, नागपूरला किंवा आपल्याच जिल्ह्यात, पहिल्यांदा जातो तेव्हा एका गोष्टीत हमखास फसतो. मोबाइल बेकायदा चाल खेळूच देत नाही. राजाला शह असेल तर दुसरी चाल पडतच नाही. त्यामुळे शहाकडे लक्ष द्यायची जबाबदारी कित्येक वर्षं मोबाइलच उचलत असतो. पटावर तो नसतो. फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेच्या ब्लिट्झ नियमांनुसार पहिल्या बेकायदा चालीला समोरच्याला एक मिनिट जादा मिळतं आणि दुसऱ्या बेकायदा चालीला डावच जातो. ज्या हाताने चाल खेळली त्याच हाताने घड्याळ दाबायचं, आणि हात लावलेला मोहरा खेळावाच लागतो. स्पर्धेच्या आधीचा आठवडा मित्रासोबत खऱ्या पटावर, खऱ्या घड्याळाने खेळा. घड्याळ नसेल तर मोबाइलवरचं घड्याळाचं ॲप पटाशेजारी ठेवा, चालतं.

संगणकाची मदत घेऊन खेळण्याबद्दल एकच सांगतो. दोन्ही साइट्स अशी खाती शोधून बंद करतात. आणि बंद झालं नाही तरी त्या खात्यातल्या डावांतून तुमची शैली कधीच कळणार नाही, कारण ते डाव तुमचे नसतील.

वही नियमाने भरली तर महिनाभरात फरक कळतो, आणि तो रेटिंगमध्ये दिसण्याआधी वहीच्या दुसऱ्या रकान्यात दिसतो. चुकलेल्या चालीला दिलेले सेकंद दोनवरून सहा-सातवर येऊ लागतात. चूक तरीही होते, पण बघून झालेली चूक दुरुस्त करता येते. त्यानंतर जिंकलेले डावही वहीत घ्या, कारण आपण कुठल्या स्थितीत सहज आणि वेगाने खेळतो ते त्यांतून कळतं. तीच स्थिती पुन्हा पुन्हा यावी अशी ओपनिंग निवडा. तेव्हा कुणी विचारलं, तुझा खेळ कसा आहे, तर तुमच्याकडे सांगण्यासारखं उत्तर असेल.

आज रात्री नवा डाव सुरू करण्याआधी कालचा हरलेला शेवटचा डाव उघडा. सर्वात जास्त वेळ घेतलेली चाल कितवी आणि डाव बिघडवणारी चाल कितवी, हे दोन आकडे वहीच्या पहिल्या ओळीत लिहा.